गुरुवारची फाइल

प्रिय धीरज,

आई बरी आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच.

बाबांच्या हृदयाची झडप बदलली तेव्हा नागपूरला तूच त्यांच्या उशाशी होतास. नाचणगावला परतल्यावर ते गल्लीच्या टोकापर्यंत चालायचे, दाढी स्वतः करायचे. तिसऱ्या आठवड्यात ताप आला. मी नोकरी करते त्याच दवाखान्यात त्यांना दाखल केलं. एक्स-रेत डाव्या फुप्फुसापाशी पाणी दिसलं, न्यूमोनिया ठरला, चार दिवसांनी घरी सोडलं. घरी मात्र ते खुर्ची उलटी करून तिच्या पाठीवर हात टेकून बसायचे. म्हणाले, "वर्षू, आडवं झालो का छातीत टोचते. वाकून बसलो का बरं वाटते." टाके ओढत असतील, असं मीच त्यांना सांगितलं.

माझं काम तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड द्यायचा, पदरचं काही लिहायचं नाही. गुरुवारी बाबांचीच फाइल माझ्या टेबलावर आली. थुंकीत जंतू नव्हते, सूज दाखवणारा रक्तातला आकडा मात्र भलताच चढलेला. हृदयाच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी कधी कधी हृदयाभोवतीचं आवरण सुजतं, आत पाणी साठतं. अशा फायली मी हाताळल्या आहेत. पेशंटला वाकून बसल्यावर आराम पडतो, असं त्यांत लिहिलेलं असतं. 'निदान पुन्हा पाहावे' अशी चिठ्ठी लावून मी फाइल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ते सोमवारपर्यंत रजेवर होते. तोवर मी न्यूमोनियाचा कोड भरला, कारण लिहिलेलं तेच होतं.

रविवारी सकाळी बाबांना धाप लागली. इको काढला तर हृदयाभोवती पाणीच पाणी. ते काढायची तयारी चालू असतानाच बाबा गेले.

मी कामावर परतले त्या दिवशी डॉक्टर माझ्या खोलीत आले. चिठ्ठी हातात होती. चुकलं माझं, म्हणाले, आणि उभ्याउभ्याच निदान दुरुस्त केलं. मग विचारलं, "तुमचे वडील होते ना? मला फोन का नाही केलात?" मी कोड बदलला. अर्धं मिनिट लागलं.

काल तुझ्या घरून आचलचा फोन आला होता. बाबा नको म्हणत असताना मीच त्यांना ऑपरेशनला नेलं, असं तू रोज म्हणतोस, जेवत नाहीस, असं ती सांगत होती. धीरज, शेवटच्या इकोचा अहवाल मी स्वतः वाचलाय. तू बसवून आणलेली झडप अगदी नीट चालत होती. गुरुवारी तुला एक फोन केला असता तर तू त्याच दिवशी त्यांना नागपूरला नेलं असतंस. तू घाबरशील म्हणून मी केला नाही. रागवायचं तर माझ्यावर रागाव, पण जेव.

तुझीच,
वर्षाताई