गाडीखालची रेती

१८ मे, सोमवार
गाडीच्या कूलंटच्या बाटलीतलं हिरवं पाणी पुन्हा खुणेखाली. नेलपॉलिशची खूण मी स्वतः केली, चुकायचा प्रश्न नाही. गाडीखाली जमीन कोरडी. मग पाणी जाते कुठं? कोहमाऱ्याच्या मिस्त्रीनं पाइप बदलला तेव्हापासून हे सुरू. काडीचा भरवसा नाही माझा त्याच्यावर.

१९ मे
सासूबाईंचं डायलिसिस. केशोरी ते गोंदिया मीच चालवली. तापमानाचा काटा लालजवळ, म्हणून इंजिनची गरमी ओढायला हीटर फुल. मे महिन्यात हीटर! शेवटी पळसाखाली अर्धा तास थांबलो. सासूबाई ओला दुपट्टा तोंडावर घेऊन बसल्या.
रात्री जेवताना हे म्हणाले, "आणखी एकदा गाडी तापली तर आईले गोंदियालेच ठेवू, भाऊकडे."
मामाजी ताटावरून उठले. दिराकडे सासू-सासरे दोघांची सोय होत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत.

२० मे
गाडीखाली रेती! मामाजी म्हणते, मांजरानं उकरून आणली असल. मांजर घमेल्यानं टाकते का?
यांना आईला पाठवायचंच आहे. हेच तर पाणी काढून नाही राहिले? लाज वाटली लिहायले. पण लिहिलं.

२१ मे
बाटलीत पिवळं. वास घेतला, हळद! लोणच्यासाठी दळून आणलेली, डबा दोन बोटं खाली. यांना चहापत्ती सापडत नाही, हळद कुठून सापडणार? सुटले बिचारे.
मामाजींच्या दुपट्ट्याचं टोक पिवळं. जीप चालवायचे तेव्हा रेडिएटर गळलं की हळद टाकायचे, भोक बुजते म्हणून. स्वतःच सांगतात. म्हणजे गळती माहीत होती, ओल झाकायला रेतीही त्यांचीच. बायको आत बसलेली अन् गाडी पेटली असती तर? इतका राग आला, इतका...
दुपारी तिघं अर्जुनीच्या मिस्त्रीकडे. "हळद कोणं टाकली जी? रेडिएटरची जाळी जाम करून ठेवली पूर्ण."
हे आमच्या दोघांकडे पाहू लागले. मामाजी टोक मुठीत धरून उभे. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी."
भर दुकानात यांचं सगळं ऐकून घेतलं. मिस्त्रीनं जाळी धुतली, भोक झाळून बुजवलं. म्हणे आता थेंब गळणार नाही.
परतताना मामाजी एवढंच बोलले, "पोरी, काट्यावर ध्यान ठेवजो."

२२ मे
गोंदिया. जाता-येता काटा मध्यावर. हे खूश. सासूबाईंनी घरी येऊन पेज मागितली.

२५ मे, सोमवार
नवतपा लागला, कडक उन्हाचे नऊ दिवस. बाटली बरोबर खुणेवर. हुश्श म्हणणार, तर रंग फिका. पाण्यानं भरली कोणीतरी. वाकून पाहिलं. रेती. बोटानं उकरली, खाली ओलं.
मामाजी ओसरीत सासूबाईंचे पाय चेपत होते. मान वर केली नाही.
हे आतून, "गळते का वो?"
उद्या मंगळवार, डायलिसिसचा. अजून उत्तर दिलं नाही.