शून्य घेण्याचा दिवस

३ तारीख
पोहोचलो एकदाचा! टेकडीवर एक खोली, गच्च बंद खिडक्या आणि मध्ये माझं नवं लाडकं यंत्र. पुरुषभर लांब नळी, दोन्ही टोकांना आरसे. बाहेरची हवा आत ओढायची, तिच्यातून उजेड हजारदा फिरवायचा. प्रत्येक वायू आपापला रंग खातो, त्यावरून कोण किती ते कळतं. पहारेकरीकाका म्हणाले, हवा मोजायला पगार मिळतो, मग मीच काय घोडं मारलंय? खूप दिवसांनी हसलो. बायकोला फोन केला. ती अजून माझ्याशी मोजकंच बोलते.

७ तारीख
दुपारी चार. पंप बंद, नळी बंद, तरी पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची रेघ वर-खाली होत होती. गळती म्हणावी तर सगळे सांधे ठाकठीक.

८ तारीख
पुन्हा चारलाच. रेघ चढताना अडखळते, मग दोन छोटे हिसके. ही लय माझ्या ओळखीची आहे. सहा वर्षं माझ्या चिमणीच्या उशाशी बसून मोजलीय. दमा होता पोरीला. गेल्या वर्षी दुपारी चारला गेली. मी कामावर शून्य घेत होतो. नळीत निव्वळ नायट्रोजन भरायचा, म्हणजे कोरी हवा कशी दिसते ते यंत्राला कळतं. तेवढा वेळ फोन बंद ठेवायचा नियम. बायकोने अकरा वेळा केला होता.

११ तारीख
रोज येते. भीती वाटते, तरी चारची वाट बघतो. नळीवर हात ठेवून बोलत बसतो. आज धाप जास्त होती.

१३ तारीख
साहेबांचा निरोप. उद्या चारला ते तिकडूनच, शहरातल्या कचेरीतून, शून्य सुरू करणार. काय सांगू त्यांना? आत माझी पोर आहे — नायट्रोजनमध्ये ती श्वास कसा —

१४ तारीख
चार. नायट्रोजनचा पाइप नळीतून उपटला. आता खोलीत सुटलाय. सिलिंडर आणि त्याची चावी बाहेर, भिंतीपलीकडे. नळीचं तोंड तळहाताने दाबून धरलंय, सोडलं की आत शिरेल. एका हाताने लिहितोय —

रेघ संथ झाली. अडखळत नाही. झोप, बाळा —

डोकं जड —

फोन. बायकोचाच. वाजतोय तिकडे दाराशी, टेबलावर. हात काढला तर —

सातव्यांदा वाजतोय. अकराच्या आत उच