पाळण्यातला उमराव

२५ जानेवारी, सकाळी ७
माफी. पाच दिवस वहीला हात लावला नाही. रागाने अक्षर नीट येईना. वीस तारखेला नातू झाला. हॉस्पिटलात व्याही चिंतामणराव माझ्या नावावरून नर्ससमोर म्हणाले, "हे आमचे उमराव. सिंहासन नाही, स्टूल चालेल का?" नर्स हसली, सून हसली. अभय तर माझा मुलगा, तोही हसला. बसलो स्टुलावर. पण विसरणार नाही.

२६ जानेवारी
सूड ठरला. दोन तारखेला दादरला त्यांच्याच घरी बारसं. नाव आत्याने कानात सांगायचं, आणि आत्या म्हणजे माझी अंबिका. तिने 'उमराव' सांगायचं. मग चिंतामणराव जन्मभर "या उमराव, जेवा उमराव" करतील. प्लॅन फुलप्रूफ.
अंबिका म्हणाली, "बाबा, वहिनीने शंतनु ठरवलंय. केकवर नावसुद्धा टाकायला सांगितलंय." मी म्हटलं, केक तासाभरात संपतो. ती "बघू" म्हणाली. म्हणजे हो.

२८ जानेवारी
वाचनालयातल्या मॅडमनी शब्दकोश काढून दिला. उमराव म्हणजे दरबारातले मानकरी. अमीर हे एकवचन, उमराव अनेकवचन. म्हणजे मी एकटाच अख्खा दरबार! झेरॉक्स काढली. बारशाचं भाषणही लिहिलं : आमचे पूर्वज दरबारी होते. कुठल्या दरबारात, ते नंतर बघू. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण इतिहास रक्तात असतो.

३० जानेवारी, दुपार
पुराव्यासाठी भायखळ्याला कौसल्याअक्काकडे गेलो. थोरली बहीण, वय सत्याऐंशी, स्मरणशक्ती एकदम पक्की.
ती म्हणाली, दादा, म्हणजे आमचे वडील, गिरणीत कामाला होते, तिथल्या मुकादमाचं नाव उमराव. रोज शिव्या घालायचा. उलट बोललं तर नोकरी जाणार. म्हणून माझं नाव उमराव ठेवलं. "घरी आले की तुला ओरडायचे, उमराव्या, गाढवा, ऊठ! मग शांतपणे जेवायचे. आईपण ओरडायची. लय उपयोगी पडलास रे तू."
या वयात माणसाचा गोंधळ होतोच. भाषणात बदल नाही.

१ फेब्रुवारी
चिंतामणरावांना माफ केलं. मन मोठं हवं. प्लॅन रद्द, असा अंबिकाला मेसेज टाकला. पोराला ते नाव नको.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
अंबिकाने मेसेज पाहिलाच नाही. पाळण्यात वाकून बापाच्या शब्दाखातर आधी 'उमराव' म्हणाली, मग मोठ्याने 'शंतनु'. शेजारी उभ्या चिंतामणरावांनी दोन्ही ऐकलं. चिडतील वाटलं. उलट खूश. पोराने त्यांचा झब्बा ओला केला तेव्हा म्हणाले, "काय हे उमराव्या, लाज नाही वाटत?" सगळं घर हसलं. आता सगळे तेच म्हणतायत. केक खाल्ला. भाषण खिशातच राहिलं.
घरी येऊन अक्काला पोस्टकार्ड लिहिलं. अक्का, जरा नीट आठव. मला कधी ताप आला असेल, आई उशाशी बसली असेल. तेव्हा तरी ती हळू आवाजात उमराव म्हणाली असेल. एकदा तरी. आठवलं की लगेच कळव.