मशीननं नाव विचारलं होतं

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय शिवशरण,

फोन असताना जोत्यानं पत्र कशाला लिहिलं, असं म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलशील आणि मी गप्प बसेन, चार वर्षं बसलोय तसा. तुझ्या लेकीबद्दल, शिवलीलाबद्दल आहे. फाडू नकोस लेका, शेवटपर्यंत वाच.

गंगव्वा वहिनींच्या घशाचं ऑपरेशन आठवतं ना? तंबाखूच्या मिस्रीनं घात केला होता. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचेल, पण आवाज जाईल. तेव्हा तू गारगोटीतल्या तुझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला माईक लावून, आवाज साठवून ठेवायला त्यांना बोलतं केलंस. आधी काय बोलू म्हणून लाजल्या, आणि एकदा सुटल्या त्या थांबेनात. तुला शिव्या, शिवलीलाला हाका, पाळण्याची कानडी गाणी. मला म्हणाल्या, जोतीभावजी, माझा आवाज नीट सांभाळा. हे सगळं ज्या हार्ड डिस्कवर साठलं, तिला त्यांचं नाव मीच दिलं होतं.

दिवाळीनंतर ती डिस्क टिकटिक करायला लागली. तू तेवढ्याच आकाराची नवी आणलीस, मशीन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात ठेवलंस आणि सगळं उतरवून घे म्हणालास. दोन्ही डिस्क मी एकाच मशीनला जोडल्या. आधी नवीवर पार्टिशन करायचं, म्हणजे भाग पाडायचे, मग फॉरमॅट, मग जुनीवरचं तिच्यावर घ्यायचं. दिवसाला आठ-दहा मशीन करत होतो, हात आपोआप चालायचा, त्याचीच घमेंड होती. पार्टिशन करणारं काळ्या पडद्यावरचं ते एफडिस्क आपण सांगेपर्यंत पहिल्याच, म्हणजे जुन्या डिस्कवर काम करतं. दुसरीवर जायला पाचचा आकडा दाबावा लागतो. मी दाबला नाही. डिस्कवर आधीच पार्टिशन दिसलं, तर मला वाटलं व्यापाऱ्यानं वापरलेला माल तुझ्या गळ्यात मारला. त्याच्या आईबापाचा उद्धार करत मी ते पुसायला घेतलं.

मशीनला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती रे. पुसायच्या आधी ते डिस्कचं नाव लिहायला लावतं. नाव समोरच होतं. मी एकेक इंग्रजी अक्षर बघून दाबलं, पण नाव काही वाचलं नाही. खात्री आहे का विचारलं, मी हो म्हणालो. फॉरमॅट शंभर टक्क्यांवर गेलं तेव्हा डोक्यात उजेड पडला की आपण गंगव्वा लिहिलंय.  दोन दिवस आवाज परत काढायला धडपडलो, पण ती आधीच दुखणाईत डिस्क त्यातच कायमची बंद पडली.

तुला सांगितलं, डिस्क आपोआप गेली, कुठंतरी धक्का बसला असेल. धक्क्याचं नुसतं तोंडाला आलं म्हणून बोललो. तू मात्र घरी जाऊन धक्का देणारं माणूस हुडकलंस. शिवलीलानं दुकान झाडताना कॉम्प्युटरचं टेबल ओढलं होतं. तेव्हापासून तू पोरीशी धड बोलला नाहीस. वहिनी पाटीवर लिहून तुझ्या विनवण्या करायच्या, मी डोळ्यांनी बघितलंय. त्या गेल्या, तेव्हा माती देऊन परत आल्यावर तू सगळ्यांदेखत पोरीला म्हणालास, आईचा आवाज तू मारलास. मी तुझ्या शेजारी उभा होतो. तेव्हाही तोंड उघडलं नाही. दुकानाचं नाव जाईल, तू माझ्यापासून तुटशील, एवढीच भीती. असल्या भित्र्या माणसाला तू मित्र म्हणत आलास.

लग्न होऊन गेलेली पोरगी बाळंतपणालाही माहेरी आली नाही. काल माझ्या दुकानात आली. कडेवर पाच महिन्यांची लेक, पिशवीत फडक्यात गुंडाळून जपलेली, आईच्या आवाजाची तीच बंद डिस्क. म्हणाली, काका, आता नवी मशिनं आल्यात म्हणं, अव्वाचं पाळणं तेवढं निघत्यात का बघा की, माझ्या हातनं गेलंय, मीच आणून दिलं तर अप्पा दारात घेतील.  तिला सगळं खरं सांगितलं.  तिनं डिस्क परत फडक्यात बांधली आणि एवढंच विचारलं, अप्पास्नी कोण सांगणार?

म्हणून हे पत्र. पोस्टात टाकणार नाही, आज तिच्याच हाती देतोय, पाकीट न चिकटवता. तू हे वाचत असशील तेव्हा ती लेकीला घेऊन उंबऱ्याबाहेर उभी असेल. मला काय बोलायचं, काय करायचं ते नंतर ये आणि कर. आधी तिला आत घे.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझाच,
जोतीराम