फॉर्मवरची दोन माणसं

एडिसन, न्यू जर्सी

ती. सुनेत्रावहिनींना रवींद्रचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढाच वाकून).

दादाची शुगर आणि तुमचा गुडघा कसा आहे? आम्ही इथे मजेत. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

इथल्या शाळेत दरवर्षी फॉर्म येतो: आईबाप सापडले नाहीत, तर मुलीला न्यायला येतील अशी दोन माणसं लिहा. दोन! पुण्याच्या घरी सकाळी नुसत्या बाथरूमपुढे चार माणसं असायची. (तिथे मीच 'प्रायव्हसी, प्रायव्हसी' म्हणून ओरडत होतो. तुम्ही दार न वाजवता चहा घेऊन आत येता म्हणून भांडून आतून कडी बसवून घेतली होती, विसरला नसालच.) इथे अडीच बाथरूम आहेत आणि वापरायला आम्ही तिघं.

तर परवा रुहीला शाळेत उलटी झाली. मी मॅनहॅटनच्या ऑफिसात फोन सायलेंट करून बसलेलो, चारुता प्रेझेंटेशनमध्ये. शाळेनं पहिल्या माणसाला, म्हणजे माझ्या जुन्या रूममेटला, अतुलला फोन लावला. तो तीन वर्षांपूर्वीच सांता क्लाराला गेलाय (फॉर्म मी दरवर्षी जुनाच कॉपी करतो). बिचारा म्हणाला, फ्लाइट मिळाली तर सकाळपर्यंत पोचतो. दुसऱ्या रत्नाकाकू, आमचा डबा करतात त्या. बाई कणकेच्या हातांनी धावल्या. शाळेनं मुलीचं आडनाव विचारलं. रुही भेंडी खात नाही, वरणात गूळ लागतो, सगळं त्यांना पाठ. आडनाव तेवढं माहीत नाही! नाहीच दिली हो पोरगी त्यांच्या ताब्यात. मी पोचेपर्यंत दोन तास नर्सच्या खोलीत मांडीवर बादली घेऊन बसली होती. मला बघून रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "इट्स ओके बाबा, यू वेअर बिझी." वहिनी, अस्सा संताप आला! शाळेवर काढावा तर शाळेचं काही चुकलं नव्हतं.

असो. बाकी सगळं ठीक.

तुमचा धाकटा दीर,
रवींद्र

ता. क. नवा फॉर्म भरून दिला. पहिलं नाव तुमचं. 'पोचायला किती वेळ लागेल' तिथे वीस मिनिटं लिहिलंय. शाळेचा फोन आला तर "निघालेच" एवढंच म्हणा.

ता. क. २ हे खोटं फार दिवस टिकायचं नाही, म्हणून व्हिसाचे कागद पाठवतोय. दादाला घेऊन सहा महिने तरी या. पाकिटात घराची किल्लीही आहे. दार वाजवायचं नाही, सरळ आत यायचं.