मामांच्या हिरव्या डॉजचं काय केलं ते

हार्टवेल, इंडियाना
१९ सप्टेंबर १९७७

ती. राइनहोल्डमामांस,
भाचा डेल्मर याचा कृतानेक नमस्कार.

तुमची तिन्ही पत्रं पोचली. फ्लोरिडाची हवा तुमच्या गुडघ्यांना मानवली, आणि शेजारच्या बाई रोज संत्री आणून देतात, हे वाचून आनंद झाला. (कोण बाई, हे आईने विचारायला सांगितलं आहे. मी विचारलं असं तिला सांगेन, तुम्ही उत्तर नाही दिलंत तरी चालेल.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. निदान पत्राच्या सुरुवातीला तसंच लिहायचं असतं. आईला कमी ऐकू येतं, आणि माझ्याबद्दल गावात जे बोललं जातं ते पाहता त्यात तिचं भलंच आहे. तुमच्या तिन्ही पत्रांच्या शेवटी एकच ओळ आहे, 'माझी गाडी कशी आहे?' भाचा कसा आहे, हे एकाही पत्रात नाही. पण ते असो. त्या हिरव्या डॉज गाडीबद्दल लिहायचं मी चार वर्षं टाळलं, आज सगळं लिहून टाकतो. बसून वाचा.

फ्लोरिडाला जाताना तुम्ही किल्ल्या दिल्यात तेव्हा बजावलं होतं, की ही गाडी मी कधी ताशी चाळीस मैलांच्या वर नेली नाही, तूही नेऊ नकोस. सहा महिने मी अक्षरशः तसाच वागलो. मग एका शनिवारी बँकेसमोरच्या सिग्नलला लॉइड ग्रुबर शेजारी येऊन थांबला. हा लॉइड आमच्याच टोमॅटोच्या कारखान्यात डबे मोजतो. मी झाकणं तपासतो, म्हणजे हुद्द्याने तो माझ्यापेक्षा किंचित खालीच. दिवा हिरवा झाला आणि मी गिअर टाकेपर्यंत तो चर्चच्या कोपऱ्यावर पोचलासुद्धा. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाला, "डेल्मर, गाडी मामांची आहे ते कळलं. पण चालवतात अजून मामाच का?" सगळे हसले. मीही हसलो. मामा, मी एकेचाळीस वर्षांचा आहे, आणि या एकेचाळीस वर्षांत कशातही पहिला आलेलो नाही. खरं तर मी घरी जाऊन मुकाट्याने जेवायला हवं होतं. मी जेवलो नाही, गाडीखाली शिरलो.

जुन्या धावपट्टीवर रविवारी शर्यती होतात, हे तुम्हाला आठवत असेल. (तुम्ही त्या बंद व्हाव्यात म्हणून अर्जावर सही केली होती.) दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करतात, दिवा हिरवा झाला की सरळ पाव मैल सुटायचं, बस. वळण नाही, ब्रेकचा प्रश्न शेवटी. जाणकारांनी मला सांगितलं की पहिली पायरी म्हणजे वजन कमी करणं. म्हणून मी मागची सीट काढली. मग स्पेअर चाक, रेडिओ, खालचा गालिचा, दारांच्या आतले पुठ्ठे, आणि हीटर. पुढची उजवीकडची सीट काढताना मी थोडा थांबलो, कारण त्या सीटवर व्हर्ना बसते. पण बायको रोज त्या सीटवर बसलीच पाहिजे असा काही नियम नाही, असं मी स्वतःला पटवलं. ते तिला पटवण्यात मात्र यश आलं नाही. त्या जानेवारीत तिला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला सोडायला मी जायचो, तेव्हा ती दुधाच्या पालथ्या क्रेटवर, दोन घोंगड्या पांघरून, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून बसायची. तोंडाची वाफ काचेवर गोठायची आणि ती चाकूने खरवडायची. काही बोलायची नाही. मला वाटलं, समजूतदार बाई आहे. फेब्रुवारीत तिने स्वतःच्या पगारातून एक जुनी स्टेशन वॅगन घेतली. तपकिरी, लांबलचक, मागे सामानाला भरपूर जागा असलेली, बाजूंना लाकडासारखं दिसणारं काहीतरी चिकटवलेली, आणि चढावर दम लागणारी. हीटर मात्र उत्तम.

मग मी इंजिनाकडे वळलो. मोठा कार्बोरेटर बसवला, झडपा उघडणारा कॅमशाफ्ट बदलला, मागच्या ॲक्सलचे गिअर बदलले. परिणाम असा झाला की गाडी जोरात चालायला लागली, पण हळू चालायची विसरली. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवायचं तर सारखा ॲक्सिलरेटर दाबत राहावं लागे, नाहीतर ते खोकून बंद पडे. ओटिंगरकाकू गेल्या तेव्हा माझं हसं झालं ते यामुळेच. व्हर्नाची वॅगन दुरुस्तीला होती, म्हणून आम्ही अंत्ययात्रेला डॉज नेली, आणि आमचा नंबर नेमका शववाहिकेच्या मागे लागला. ती बैलगाडीच्या चालीने निघालेली, आणि मागे मी घुर्र घुर्र करतोय. पुढच्या ड्रायव्हरला वाटलं की घरच्यांना घाई आहे. त्याने वेग वाढवला. तो वाढवतोय म्हणून मी वाढवला. मामा, ओटिंगरकाकू हयातीत कधी घाईने कुठे गेल्या नाहीत, त्या दफनभूमीत ताशी पंचेचाळीसने पोचल्या. पास्टर साहेबांची प्रार्थना अर्ध्या रस्त्यात मागे राहिली, त्यांच्या गाडीसकट. ओटिंगर मंडळी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

एवढं करून शर्यतीत काय झालं, तर ऐका. पहिल्या वर्षी मी दर रविवारी दिवा हिरवा व्हायच्या आधीच सुटलो. तसं सुटलं की बाद. दुसऱ्या वर्षी मला थांबता यायला लागलं, तेव्हा ॲक्सल मोडला. गाडी नाक वळवून गवतात गेली, आणि मागचं डावं चाक एकटंच सुटून पाव मैल पूर्ण धावलं. माझ्या मालकीची एखादी वस्तू शेवटच्या रेषेवर पहिली पोचण्याची ती एकच वेळ. तिसऱ्या वर्षी लॉइडने मला चार वेळा हरवलं, आणि प्रत्येक वेळी तुमची चौकशी केली. तोवर डॉज रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची राहिली नव्हती, म्हणून व्हर्ना तिला आपल्या वॅगनच्या मागे दोरीने बांधून धावपट्टीवर न्यायची आणि संध्याकाळी तशीच परत आणायची. मधल्या वेळात, पहिल्या वर्षापासूनच, ती घडीच्या खुर्चीत बसून विणकाम करायची. चार उन्हाळ्यांत तिचे अकरा स्वेटर झाले. मी मोजले नव्हते, तिनेच सांगितलं.

यंदा धावपट्टीवाल्यांनी नवीन पद्धत आणली. तुमची गाडी किती सेकंदांत पाव मैल जाते ते तुम्हीच आधी सांगायचं. तो आकडा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचा. दोन गाड्यांत जेवढा फरक असेल तेवढा वेळ संथ गाडीला आधी सोडतात. म्हणजे ट्रॅक्टरसुद्धा कोणालाही हरवू शकतो. फक्त एक अट. आपण सांगितलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात, तर तुम्ही खोटं बोललात असं धरून बाद. मला ही पद्धत अजिबात आवडली नाही. चार वर्षं मी गाडी वेगवान करण्यात घालवली, खरी करण्यात नाही.

चार तारखेचा रविवार वर्षातला मोठा दिवस. सकाळी माझं नाव नोंदवून परत आलो तर खुर्ची रिकामी. पाहतो तर व्हर्ना वॅगनच्या काचेवर पॉलिशने १९.४० असं सुंदर अक्षरात लिहीत होती. तिकीटघरातल्या बाईने तिला सांगितलं होतं म्हणे, की चार चाकं असलेल्या कशालाही भाग घेता येतो. मी विचारलं की हे कशासाठी, तर म्हणाली की लोकर संपली. मला तिची दया आली, मामा. मी तिला सुटायचं कसं, दिव्याकडे बघायचं कसं, हे समजावून सांगितलं. सँडविच खात खात तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी म्हटलं की मागचं बटाट्याच्या सॅलडचं पातेलं आणि खुर्च्या तरी उतरव, वजन कमी होईल. तर म्हणाली, "असू दे. मी ते घेऊनच मोजलंय."

पहिल्या फेरीत तिने एका शेतकऱ्याच्या पोराला हरवलं. दुसऱ्या फेरीत एका दंतवैद्याला. मीही जिंकत होतो, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. ध्वनिक्षेपकावरचा माणूस दर वेळी सॅलडची चौकशी करत होता आणि लोक हसत होते. उपांत्य फेरीत तिच्या शेजारी लॉइड ग्रुबर आला. त्याला सहा सेकंदांहून जास्त वेळ उभं राहायचं होतं, तपकिरी वॅगन हळूहळू लांब जाताना बघत. त्याला ते झेपलं नाही. तो आधीच सुटला आणि बाद झाला. चार वर्षं मी ज्याच्यासाठी गाडीखाली झोपलो, त्याला माझ्या बायकोने, गाडीत सॅलड असताना, घरी पाठवलं. लॉइडने टोपी काढून तिला सलाम केला. मला बघून त्या माणसाने साधी मानसुद्धा हलवलेली नाही आजवर.

म्हणजे अंतिम फेरीत एका बाजूला व्हर्ना, दुसऱ्या बाजूला मी. माझ्या काचेवर १२.८० लिहिलेलं. ती सुटली. सहा सेकंद आणि वर थोडं, एवढा वेळ मी तिथे उभा होतो. हा वेळ किती लांब असतो ते तुम्हाला सांगता येणार नाही. तिचे मागचे दिवे बारीक होत गेले. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. माझा हिरवा दिवा लागला आणि मी इतका नेमका सुटलो की तसा जन्मात सुटलो नव्हतो. मामा, तुमची गाडी त्या दिवशी जशी पळाली तशी कधीच पळाली नव्हती. ना धक्का, ना खोकला. बारा सेकंद मला कोणी काही विचारत नव्हतं, झाकणं नाहीत, लॉइड नाही, कोणी नाही. रेषेच्या थोडंसं आधी मी वॅगनला मागे टाकलं. चाळिशी ओलांडलेला माणूस गाडीत एकटा ओरडला, हे मी कबूल करतो.

मग पाटीवर आकडा आला, १२.७१. मी सांगितलं होतं त्यापेक्षा नऊ शतांश सेकंद लवकर. व्हर्ना आली १९.४४ मध्ये, सांगितल्याप्रमाणे, किंचित उशिराच. बक्षिसाचा चषक तिला मिळाला. आयुष्यात एकदाच मी सगळ्यांत वेगात गेलो, आणि वेगात गेलो म्हणूनच हरलो.

परतीचे बावीस मैल डॉज दोरीने वॅगनला बांधलेली होती आणि मी तिच्यात स्टिअरिंग धरून बसलो होतो. समोरच्या वॅगनच्या मागच्या काचेत चषक डुलताना दिसत होता. घरी पोचल्यावर मी दोरी सोडत असताना तिला म्हटलं की तुझं नशीब चांगलं होतं. ती चिडली नाही. सॅलडचं पातेलं बाहेर काढत म्हणाली, "नशीब नाही डेल्मर. माझी गाडी रोज चालते तशीच आज चालली. तुझी आज काय करणार, हे तुला तरी कधी कळलंय का?" आणि मला असं वाटलं की ती गाडीबद्दल बोलत नव्हती.

गेल्या रविवारी ती एकटीच गेली. मी विचारलं की मी बरोबर येऊ का, वॅगनमध्ये. ती म्हणाली, नको, तुझ्या वजनाने वेळ बदलेल. ती खरंच बोलत होती. मी खिडकीतून तिला जाताना पाहिलं, आणि मग शेडमध्ये जाऊन डॉजमधल्या दुधाच्या क्रेटवर बसलो.

तर गाडी अशी आहे. तुमच्या गुडघ्यांना जपा. आईचे आशीर्वाद, आणि तुमच्या शेजारच्या बाईंनाही नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (पहिले सहा महिने),
डेल्मर

ता. क. १ : मुख्य गोष्ट राहिलीच. शनिवारी टेर होट शहरातला एक माणूस डॉज विकत न्यायला येणार आहे. बर्फ पडायच्या आत व्हर्नाला शेडमध्ये आपली वॅगन लावायची आहे, आणि ते तिने एकदाच, हळू आवाजात सांगितलं. पण आम्ही कागद काढून पाहिले तर गाडी अजून तुमच्याच नावावर निघाली. सोबत फॉर्म पाठवतो. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठवा. तुमच्या सहीशिवाय तो माणूस गाडीला हात लावणार नाही.

ता. क. २ : व्हर्नाने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, ओटिंगरकाकूंच्या वेळी वेग पंचेचाळीस नव्हता, बावन्न होता. बाकी बरोबर आहे म्हणाली. खालची ओळ तिच्या हातची.
मामा, सही लवकर करा. तुम्हाला स्वेटर पाठवते आहे. — व्हर्ना

ता. क. ३ : व्हर्ना तिकीट आणायला पोस्टात गेली आहे, म्हणून ही चिठ्ठी घडीत सरकवतो. सही करू नका. ते नऊ शतांश कुठून आले ते मला सापडलं आहे. त्या दिवशी दुपारी हवा गार झाली होती, गार हवेत इंजिन जास्त ओढतं, एवढंच. हवा बघून आकडा लिहायला मी शिकेन. एकच उन्हाळा द्या. फॉर्म हरवला असं लिहू नका, तिच्याकडे दुसरा आहे. टपाल मिळालं नाही असंही नको, ती फोन करेल. उजवा हात दुखावला आहे, सही होत नाही, असं कळवा. आणि मामा, ते पत्र डाव्या हाताने लिहा.