अमेरिकेनं न सोडलेला भाऊ

प्रिय ताई,

आज सिक लीव्ह टाकून इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या घरी डायनिंग टेबलाशी बसलोय. आजारी नाही गं, नुसता दमलोय. परवा वेल्सहून परत आलो. तुझ्या त्या टीमची मॅच बघून आलो. तू गेलीस त्याला दोन वर्षं झाली आणि हा शहाणा आत्ता जाऊन आला! तिथे जे ऐकलं, त्याचा जाब तुला विचारल्याशिवाय माझं कशात लक्ष लागणार नाही, म्हणून लिहितोय.

किती वेळा बोलावलं होतंस मला? नागपूरची मुलगी डॉक्टर होऊन त्या बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींच्या गावात गेलीस काय, आणि दर शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर चहाच्या खिडकीत उभी राहायला लागलीस काय! फोनवर तुझं एकच पालुपद, "एकदा मॅच बघायला ये रे. आम्ही हरतो, पण चहा फक्कड असतो." आणि माझंही एकच, "येतो गं, ग्रीन कार्डचं काहीतरी होऊ दे." ग्रीन कार्ड झालं, तेव्हा तू नव्हतीस.

मैदान तू सांगायचीस त्याहून लहान निघालं. त्यापेक्षा आपल्या शाळेचं ग्राउंड बरं! एका बाजूला पत्र्याचं छप्पर आणि चार रांगा बाकं, बाकी तिन्ही बाजूंना नुसता लोखंडी कठडा. मागच्या टेकडीवर मेंढ्या आमच्याकडे पाठ करून चरत होत्या. बॉल ओढ्यात गेला की एक म्हातारा लांब काठीला बांधलेली जाळी घेऊन धावतो, आणि बॉल निघाला की सगळे टाळ्या वाजवतात. हे कसं कधी सांगितलं नाहीस?

तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "डॉक्टरचा भाऊ ना तू?" मी मान हलवली. तिकीट द्यायचं सोडून तो उठून बाहेर आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "सोडलं का अखेर त्यांनी तुला?"

मला काही कळेना. कोणी सोडलं? कुठून?

मग भेटल्या तुझ्या ग्वेनकाकू. दहा वर्षं त्या खिडकीत तुझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या, फोनवर तू ज्यांच्या गोष्टी सांगायचीस त्या. मला बघून त्यांचे डोळेच भरले. चहाचा कप हातात देत म्हणाल्या, "ती आजारी असताना आम्ही सगळे तुमच्या अमेरिकेला शिव्या घालत होतो. सख्ख्या भावाला बहिणीकडे जाऊ देत नाहीत म्हणजे काय! ती बिचारी म्हणायची, तो तडफडतोय, पण सरकार त्याला देशाबाहेर सोडत नाही."

ताई! असं सांगितलंस तू?

मला कोणी अडवलं होतं गं? तुला तर सगळं ठाऊक होतं, मीच फोनवर सांगितलं होतं. व्हिसाचा शिक्का संपलाय, बाहेर पडलो तर नवा घेतल्याशिवाय परत येता येणार नाही, त्याला दोन आठवडे लागतील की दोन महिने कोण जाणे. वकील म्हणाला होता, रिस्क आहे, पण जाता येईल. मॅनेजर तर म्हणाला होता, जा. मीच नाही गेलो. त्याच महिन्यात आमच्या टीममधल्या चौघांना काढलं होतं, आणि मला वाटलं, माझी खुर्ची रिकामी दिसली की पाचवा मीच. एवढंच होतं. तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि माझ्या लेकीच्या दुखऱ्या दाताची चौकशी करत बसलीस. भांडली असतीस तर काय बिघडलं असतं?

ग्वेनकाकूंनी मग तुझ्या अंत्यविधीचं सांगितलं. तुला खांदा द्यायला टीममधली सहा पोरं होती. गोलकीपर ताडमाड, बाकीचे बुटके, त्यामुळे पेटी सगळा वेळ तिरकी! तू हसली असतीस. त्रिशरण म्हणायला आपलं कोणी नव्हतं. तू इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहून ठेवलं होतंस म्हणे, ते ग्वेनकाकूंनी वाचलं. अडखळत का होईना, तीनही वेळा वाचलं. मी त्या वेळी इथे कॉन्फरन्स कॉलवर होतो.

हाफटाइमला तर कहर झाला. भोंग्यावरून कोणीतरी जाहीर केलं, "आपल्या डॉक्टरच्या भावाला अमेरिकेनं शेवटी सोडलं, तो आज इथे आहे!" शंभर-सव्वाशे माणसं टाळ्या वाजवायला लागली. आणि मी काय केलं असेल? उभा राहिलो आणि हात हलवला. लाज वाटली गं, अजून वाटते. मॅच आपण शून्य-तीननं हरलो. दुसऱ्या हाफमध्ये काय झालं ते मला विचारू नकोस, माझं लक्षच नव्हतं.

आईच्या डोक्यातही तूच भरवलंस ना हे? ती अजून येईल त्याला सांगते, "माझ्या लेकाला त्या सरकारनं सोडलं नाही." मला वाटायचं, स्वतःची समजूत काढायला तिनंच हे शोधलंय. दोन वर्षं ऐकतोय आणि गप्प बसतोय. लहानपणी मी काच फोडली की तू बॅट हातात घेऊन उभी राहायचीस, तेव्हा ठीक होतं. पण मरता मरता सुद्धा माझी बाजू सावरत बसायची काय गरज होती? मला दोन शिव्या तरी खाऊ द्यायच्या होत्यास!

आज ग्वेनकाकूंना खरं काय ते लिहिणार आहे. तिकिटाच्या खिडकीतल्या त्या माणसालाही वाचून दाखवा म्हणून सांगेन. पण त्याआधी आईला फोन. नागपुरात आता संध्याकाळ झालीये. ती उचलेल, "जेवलास का?" विचारेल, आणि मी सांगेन, "आई, मला कोणी अडवलं नव्हतं." ती रडेल, बोलणं टाकेल, काय करायचं ते करेल. नक्की सांगेन, तुला शब्द देतो. फक्त या वेळी तू मध्ये पडायचं नाहीस.

तुझा,
मिलिंद